चार बोटांची जागा

आमच्या गाडीला मिशा आहेत. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, काळ्या आणि धारदार. नवऱ्याच्या भाषेत त्यांचं नाव वेगळं आहे, पण मी मिशा म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडते, म्हणून मी मिशाच म्हणते. मिशांच्या खाली एक पातळ फळी जमिनीलगत पुढे आलेली आहे, तिला स्प्लिटर म्हणतात. मागे डिकीवर दोन खांब आणि त्यांवर आडवा पंख, माझ्या इस्त्रीच्या टेबलापेक्षा लांब. दारांखाली पट्ट्या, पोटाखाली सपाट पत्रा. वाऱ्याने गाडी रस्त्यावर दाबून धरावी म्हणून हा सगळा साजशृंगार. वर्षातून चार दिवस नवरा शर्यतीच्या ट्रॅकवर जातो, तिथे वारा ती दाबून धरतो म्हणे. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस ती दूध आणायला जाते.

सुरुवात नुसत्या पंखापासून झाली. पंखाने मागची चाकं रस्त्याला चिकटली, म्हणून नाक हलकं झालं. नाक हलकं झालं म्हणून स्प्लिटर. स्प्लिटर जमिनीच्या जितका जवळ तितका चांगला, म्हणून गाडी खाली बसवली. खाली बसवल्यावर ती खड्ड्यांत आपटायला लागली, म्हणून कडक स्प्रिंगा. कडक स्प्रिंगांनी माझी कंबर गेली, त्यावर मात्र अजून काही बसवलेलं नाही. नाकापेक्षा मोती जड ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. ती रोज दारात उभी दिसेल असं काही वाटलं नव्हतं.

स्प्लिटर आणि रस्ता यांच्यामध्ये चार बोटांची जागा. त्यामुळे आम्हाला शहर ओळखीचं आहे ते गतिरोधकांवरून. अमक्या रस्त्याने गाडी तिरकी घालून जाता येतं, तमक्याने अजिबात नाही. डिकीत कायम दोन जाड फळ्या असतात. उंचवटा आला की मी उतरायचं, चाकांपुढे फळ्या मांडायच्या, गाडी गेली की उचलून परत डिकीत टाकायच्या. मागचे हॉर्न वाजवतात, काही जण फोटो काढतात. त्या फोटोंमध्ये पंख झकास येतो आणि फळ्या उचलणारी मी वाकलेली येते. मागची सीटं काढून तिथे लोखंडी पिंजरा बसवला आहे, म्हणजे बसणार दोघंच. आरशात मागचं काही दिसत नाही, फक्त पंख दिसतो. एकदा चिडून मी त्याच्यावर टॉवेल वाळत घातले होते. दोन दिवस घरात अबोला होता.

त्याच्याही आधीचा एक अबोला आहे, तो इथे सांगायलाच हवा. एका उंचवट्यावर मी न उतरता बसून राहिले आणि स्प्लिटर घासला. नवरा सहज म्हणाला, "तू बसलीस की गाडी अर्धं बोट खाली जाते." मी कपडे शिवते, लोकांची मापं घेते, वजनाबद्दल कुणाला काय बोलू नये हे मला व्यवस्थित कळतं. मी त्याला दोन दिवस जेवायला वाढलं नाही. त्या रागाच्या भरात त्याचं वाक्य तेवढं बाजूला राहिलं.

नवरा पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात फायबरचे साचे करतो. हाताला कसब आहे, ते वडिलांकडून आलेलं. सासरे गवंडी. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत गुडघ्यांवर बसून फरशा घातल्या. स्प्लिटरही त्यांच्याच अंगणात झाला, कारण त्याच्या रसायनाचा वास आमच्या दोन खोल्यांत मावेना. मुलाने कापडाचे थर एकावर एक चढवले आणि बाबांनी पाणसळ धरून सांगितलं, डावीकडे उचल, अजून केसभर. काम झाल्यावर दोघं त्या फळीकडे असे बघत होते की मला वाटलं आता बारसं करतात की काय. गल्लीने गाडीचं नाव 'खराटा' ठेवलं. रस्ता झाडत चालते म्हणून.

पण त्या खराट्याला बाबांच्या फाटकातून आत जाता येत नव्हतं. फाटकात उंच उंबरा आहे. गल्लीतलं पाणी अंगणात येऊ नये म्हणून बाबांनीच तो कित्येक वर्षांपूर्वी बांधला. पाण्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. गल्ली इतकी अरुंद की गाडी उभी केली की वाट बंद. म्हणून चार वर्षं आम्ही दर रविवारी गाडी नाक्यावर लावत आलो. पहिली तीन वर्षं बाबा आम्हाला सोडायला नाक्यापर्यंत यायचे, चौथ्या वर्षी फाटकापर्यंत, आणि अलीकडे पायरीवरूनच हात करायचे. दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टर दोन वर्षं ऑपरेशन करा म्हणत होते आणि बाबा दोन वर्षं बघू म्हणत होते. त्यांचा थोरला भाऊ कसल्याशा साध्या ऑपरेशनला हसत गेला होता आणि घरी आलाच नाही. बाबा हे कधी बोलायचे नाहीत. पण हॉस्पिटलचं नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे, आणि उठणं ही त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट होती ते आम्हाला दिसायचं.

मग एका रविवारी चहा पिता पिता त्यांनी एकदम सांगितलं, "घे तारीख."

नवऱ्याने घाईने कप खाली ठेवला.

"पण एक आहे," बाबा म्हणाले. "मी अंगणातून बसून जाणार. गल्लीसमोर मला पोत्यासारखं गाडीत भरायचं नाही. ह्या गल्लीतली निम्मी घरं मी उभी केलीत."

"टॅक्सी आणू ना अंगणात," मी म्हटलं. "उंच सीट असते, बसायला बरं."

"टॅक्सीतून आजारी माणूस जातो. मी मुलाबरोबर जाणार."

नवरा म्हणाला, "मग मी स्प्लिटर काढतो, बाबा. बारा बोल्ट आहेत."

"आणि परत बसवायला?"

"दोन दिवस लागतात. सगळं माप परत जुळवावं लागतं."

"नको मग. मी उतार करतो उंबऱ्याला, दोन्ही बाजूंनी."

"बरं," नवरा म्हणाला.

किती पटकन म्हणाला. मला तेव्हाच खटकलं होतं. एकदा तरी 'नाही बाबा, काढतोच' म्हणायला हवं होतं. पण मी तरी कुठे काय बोलले? बाबा तयार झाले आहेत, आता मध्ये काही बोलून मोडता घालू नये, एवढंच डोक्यात होतं.

कुणीतरी नाव मागे घेतलं म्हणून पंधरा दिवसांतलीच तारीख मिळाली. पुढच्या रविवारी बाबा काठी टेकत, थांबत थांबत, वर्षभराने पहिल्यांदा नाक्यापर्यंत आले. उभ्या गाडीच्या नाकाखाली त्यांनी हात घातला. "चार बोटं," म्हणाले, आणि सुताच्या तुकड्याला गाठ मारून तो खिशात ठेवला. त्या आठवड्यात त्यांनी स्टुलावर बसून, शेजारच्या रंगाऱ्याकडून माल कालवून घेऊन, उतार केला. आतून एक, बाहेरून एक, आरशासारखा घोटलेला. बाहेरच्या उताराच्या पायथ्याशी अंगठ्याएवढा बांधही घातला, पाणी अडवायला. त्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. बांधावरून गाडी सुटेल अशी जागा त्यांनी सुताने मोजून ठेवली होती.

हॉस्पिटलची वेळ सकाळी दहाची. दहापर्यंत भरती झालं नाही तर खाट यादीतल्या पुढच्याला, हे त्यांनी फोनवर दोनदा बजावलं होतं. आम्ही साडेआठलाच पोचलो. बाबांची पिशवी आणि चालायचा लोखंडी घोडा डिकीत मावायला हवा, म्हणून फळ्या मी घरीच काढून ठेवल्या होत्या. उतार तर केलाच होता. नवऱ्याने मला फाटकाशी उतरवलं आणि गाडी उलटी घालून आत घेतली, म्हणजे जाताना सरळ बाहेर. मी वाकून बघत होते. स्प्लिटर बांधावरून गेला तेव्हा मध्ये बोटभर उजेड दिसला. बाबा पायरीवर उभे होते. आयुष्यात हजारो फरशा घातलेला माणूस, पण त्या उताराकडे बघताना त्यांचा चेहरा पहिला पगार हातात घेतलेल्या मुलासारखा झाला होता. त्यांनी सकाळीच तो धुऊनही ठेवला होता.

बाबांना सीटमध्ये बसवायला पाव तास लागला. ती सीट म्हणजे बादली. आधी पाठ, मग एक पाय हातांनी उचलून, मग दुसरा. बाबा दात आवळून होते, पण गल्ली बघत नव्हती, त्यामुळे तक्रार नव्हती. बसल्यावर म्हणाले, "बाळ्या, ही गाडी आहे की विहीर?" आणि हसले. खूप दिवसांनी हसले. मी टॅक्सीने मागोमाग येणार होते. नऊला पाच कमी होते.

गाडी निघाली. पुढची चाकं उंबऱ्यावर चढली, बाहेरच्या उतारावर उतरली, आणि करकर असा आवाज आला. मग गाडी थांबली.

मी पळत पुढे गेले. स्प्लिटरची कड बांधाला जाऊन भिडली होती आणि पोटाचा पत्रा उंबऱ्यावर टेकला होता. नवऱ्याने रिव्हर्स टाकला. मागची चाकं त्या ओल्या, घोटलेल्या उतारावर जागच्या जागी गरगर फिरली, जळक्या रबराचा वास सुटला, गाडी तसूभर हलली नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि गाडी बरोबर फाटकाच्या दोन खांबांमध्ये. नवऱ्याने दार उघडून बघितलं, ते वीतभर उघडून खांबाला लागलं. बाबांच्या बाजूचंही तेवढंच. मागे पिंजरा. दोघंही आत अडकले.

"फळ्या आण," नवरा ओरडला.

"घरी आहेत," मी म्हटलं.

जी गल्ली बघायला नको होती ती सगळी गोळा झाली. रंगारी आला, समोरचा बेकरीवाला पीठ लागलेल्या हातांनीच आला, आणखी तिघं-चौघं. ढकला म्हणाले. कुणीतरी मिशांना धरून रेटा लावला आणि रंगाऱ्याचा तळवा कापला. मागून कुणी अंगणात जाऊन पंखाला हात घातला, तेव्हा आतून नवरा ओरडला, "पंखाला हात नको! पंखाला नको!" सवयच ती. ओरडून झाल्यावर त्याने वडिलांकडे बघितलं आणि मान खाली घातली. बाबा समोर काचेतून बघत होते. त्यांना सगळे काचेतून बघत होते.

सव्वानऊ झाले होते. माझ्यासाठी बोलावलेली टॅक्सी आली. उंच, रुंद दारांची, मागचं सीट सगळं मोकळं. ती गल्लीत उभी राहिली आणि तिच्यात बसवायचा माणूस पाच पावलांवर अडकून पडला होता.

"स्प्लिटर तोड," नवरा वीतभर फटीतून म्हणाला. "हातोडा घे आणि तोड. कडेपासून तोड."

"काही तोडायचं नाही," पलीकडच्या फटीतून बाबा म्हणाले. "सूनबाई, माझ्या पेटीत छिन्नी आहे. रुंद नाही, टोकदार. बांध फोड. ताजा आहे, सुटेल."

"बाबा, वेळ नाही! ती फळी गेली तर गेली!"

"आणि तिच्या मागच्या लोखंडी सळया? त्या कशाने कापणार? आणि तूच म्हणालास ना, नाक हलकं झालं की गाडी धोक्याची? त्या गाडीतून मला नेणार?"

दोघांच्या मध्ये मी. चार वर्षं मी मनातल्या मनात त्या फळीवर हातोडा घातला होता. आता तिचा मालक स्वतः सांगत होता, घाल. मी घातला. एक, दोन, पाच. हातोडा उसळून परत आला, फळीला पांढरा ओरखडा पडला, बस. बापाने पाणसळ धरून आणि मुलाने थर चढवून केलेली वस्तू होती ती, पोलादासारखी मजबूत. मी छिन्नी आणली.

मग मी गल्लीत गुडघ्यांवर बसले आणि बाबा आतून सांगत गेले. "छिन्नी आडवी धर. घाव मोठा नको, सारखा दे. मधून सुरू करू नको, टोकापासून." सिमेंटचे कण तोंडावर उडत होते. रंगारी एका हाताला फडकं गुंडाळून दुसऱ्या हाताने तुकडे बाजूला करत होता. मी म्हटलं तुम्ही घ्या, तर त्याने कापलेला हात दाखवला. बेकरीवाल्याने दोन घाव घातले आणि छिन्नी पत्र्यात घुसवली, तेव्हा बाबा म्हणाले, "तिलाच करू दे."

आणखी एक तुकडा सुटला. मी वर बघितलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. कुणाला असं नाही. "उभ्या गाडीचं माप घेतलं. रिकाम्या. आत माणूस बसणार, हे धरायला हवं होतं."

माझ्या हातातली छिन्नी थांबली. माणूस उभा असताना कमरेचं माप घेतलं तर बसल्यावर शिवण उसवते, म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी खुर्चीवर बसायला लावते. वीस वर्षं लावत आले. आणि मला तर या गाडीचंही सांगितलेलं होतं, अर्धं बोट खाली जाते म्हणून. बाबा माझ्या दीडपट, वर पिशवी, वर घोडा. सगळं मला माहीत होतं, आणि मी बोटभर उजेड बघून खूश झाले होते.

"हात चालू दे, पोरी," बाबा म्हणाले.

बांध सुटला तेव्हा दहाला दहा कमी होते. सहा जणांनी नाकाखाली हात घालून गाडी उचलून धरली आणि ती घासत, रडत बाहेर पडली. बाबांना टॅक्सीत हलवण्यात आणखी पाव तास गेला असता. हॉस्पिटल वीस मिनिटांवर. पण बाबांच्या तब्येतीला धक्का लागू नये म्हणून नाही, तर मध्ये तीन गतिरोधक होते म्हणून नवऱ्याला तिरकं, मुंगीच्या पावलांनी जावं लागलं. फळ्या मांडायला मी त्या गाडीत नव्हते, मागच्या टॅक्सीत होते. मी टॅक्सीतून हॉस्पिटलला फोनवर फोन करत होते. कुणी उचलेना.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. खिडकीमागची बाई वाईट नव्हती. तिने यादी आमच्याकडे वळवून दाखवली. बाबांच्या नावावर रेघ होती आणि खाली दुसरं नाव होतं. तो माणूस वर गेलासुद्धा होता. "पुढची तारीख सात महिन्यांनी," ती म्हणाली. "लिहू?"

नवरा तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. मी त्याला असा कधी बघितला नव्हता. तो म्हणत होता, आम्ही बाहेर बसून राहतो, रात्रीपर्यंत, उद्यापर्यंत, कुणी आलं नाही तर द्या. ती म्हणत होती, सगळे येतात हो. बाबा घोड्याला धरून भिंतीशी उभे होते.

"कळवतो म्हणून सांग," ते मला म्हणाले. "चला घरी."

परतताना नाक्याशी आल्यावर बाबांनीच गाडी थांबवायला लावली. फाटक मोकळं होतं, बांध गेला होता, गाडी आत गेली असती. पण त्यांनी दार उघडलं. मी मागच्या टॅक्सीतून उतरले आणि आम्ही दोघांनी त्यांना त्या विहिरीतून वर काढलं, आधी एक पाय, मग दुसरा, भर गल्लीत. सकाळचे सगळे आपापल्या दारात होते. बाबा घोडा टेकत, थांबत थांबत, त्या सगळ्यांसमोरून घरी चालत गेले. मी पिशवी घेऊन बाजूने चालले. बेकरीवाल्याने नजर वळवली, आणि बाबांना तेच जास्त लागलं असावं.

संध्याकाळी नवऱ्याने गाडी अंगणात आणली. उंबरा ओलांडताना सकाळी लोंबलेला पोटाचा पत्रा घासला, पण त्याने लक्ष दिलं नाही. कुणाला न विचारता पुढची चाकं विटांच्या थरावर चढवून तो गाडीखाली झोपला आणि एकेक बोल्ट काढायला लागला. बारा बोल्ट. सकाळी आठला काढायला बसला असता तर नऊच्या आत झालं असतं. गेल्या रविवारी काढता आलं असतं. चार वर्षांत कुठल्याही रविवारी काढता आलं असतं.

बाबा खोलीत खुर्चीवर बसले होते. तो स्प्लिटर दोन्ही हातांत आडवा धरून दारात आला. कडेला माझ्या हातोड्याचे पाच ओरखडे होते.

"काढला, बाबा," तो म्हणाला. "आता कुठूनही जाईल. सात महिन्यांनी... त्या आधीसुद्धा, दुसरीकडे विचारतो मी."

बाबांनी फळीकडे बघितलं. हात पुढे करून कडेवरून अंगठा फिरवला, ओरखड्यांपाशी थांबले.

"एवढंच झालंय. भरून निघेल," ते म्हणाले. "लाव परत."

"बाबा, ऐका ना."

"अवसान एकदाच आणलं होतं रे, बाळ्या. आजच्यापुरतं." ते हळू आवाजात बोलत होते, समजूत घालावी तसं. "लाव जा. मला आता कुठे जायचंय?"

नवरा दारातच उभा राहिला. फळी दारापेक्षा रुंद, त्याला धड आत येता येईना आणि ती खाली ठेवायला बाहेर जावं एवढंही सुचेना. मी त्याच्या हातातून एक टोक घेतलं. दोघांनी ती तशीच धरून ठेवली.